आवडीचं खाऊन वजन उतरवायचं तर: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे कॅलरीचे आकडे घरच्या मापावरून काढलेले आहेत. टपरी बदलली, हात बदलला की त्यात फरक पडणारच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदरपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मगच ताटात बदल करा.

तर्री पोहे सोडावे लागतील का?

नाही. पण एका प्लेटमध्ये काय काय जातं ते आधी सुटं करून बघा. ५५ ते ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांच्या सुमारे २०० कॅलरी. पोह्यांच्या फोडणीचं दोन चमचे तेल ८५. तर्रीतले मूठभर चणे ७०. वर तरंगणारा लाल तवंग एक ते दोन मोठे चमचे, म्हणजे १२० ते २४०. शेवटी वरून पेरलेली शेव, २० ग्रॅम धरली तरी ११०. बेरीज ६०० ते ७००. यात पोहे जेमतेम तिसरा हिस्सा आहेत. बाकी बहुतेक सगळं तेल आणि शेव. आपण मात्र "पोहे बंद" असा निर्णय घेतो आणि चौथ्या दिवशी दीड प्लेट खाऊन मोकळे होतो.

टपरीवर मागताना एवढंच सांगा: "हाफ प्लेट, चणे जास्त, रस्सा खालून, शेव नको." पळी तळाशी घालून रस्सा घेतला की तवंग बराचसा भांड्यातच राहतो. अशी प्लेट ३३० च्या आसपास बसते आणि चणे दुप्पट झाल्यामुळे दुपारपर्यंत टिकते. शेवेशिवाय घास उतरतच नसेल तर चिमूटभर घ्या, पण स्वतःच्या हाताने. टपरीवाल्याची चिमूट म्हणजे मूठच असते.

घरी कमी तेलात तर्री केली तर ती आमटीसारखी होते. कुठे चुकतं?

तीन ठिकाणी चुकतं. पहिलं म्हणजे रंग. तिखटाचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तिखट थेट पाण्यात टाकलं की रस्सा फिका दिसतो. पण तेल धुरावलेलं असताना तिखट टाकलं तर ते करपतं, रंग चॉकलेटी होतो आणि कडसर चव येते, मग माणूस अजून तेल ओततो. चार जणांच्या तर्रीला चार चहाचे चमचे तेल पुरतं. मसाला परतून झाला की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग तीन चमचे कमी तिखटाची लाल मिरचीपूड घाला, दोनदा ढवळा आणि लगेच अर्धी वाटी गरम पाणी ओता. रंग धरून राहतो.

दुसरं, दाटपणा. तेल कमी झालं की रस्सा पातळ लागतो. एक मोठा चमचा फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ पाण्यात कालवून उकळीला घाला. चणे शिजवलेलं पाणी फेकू नका, रस्सा त्याचाच करा. वाफवलेल्या चण्यांपैकी दोन चमचे चणे ठेचून टाकले तरी काम होतं.

तिसरं, भाजलेपणा. तर्रीचा वास मसाल्याचा असतो, तेलाचा नाही. दोन कांदे थेट आचेवर काळपट होईपर्यंत भाजा, १० ग्रॅम सुकं खोबरं कोरडं भाजा, त्यात आलं, लसूण, धणे, दगडफूल, मिरे घालून वाटा. खोबऱ्याचा हात मात्र आखडता ठेवा. १० ग्रॅममध्येच ६५ कॅलरी असतात आणि आपल्याकडे अर्धी वाटी सहज पडते.

चार जणांना १२० ग्रॅम काळे चणे रात्री भिजवून, मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. माणशी ४० ग्रॅम पोहे, चमचाभर तेलाची फोडणी. सगळं धरून प्लेट साडेतीनशे ते पावणेचारशेत बसते. सोबत एक उकडलेलं अंडं घेतलं तर प्रोटीन १५ ग्रॅमला पोचतं.

दिवसाला किती खायचं हे कसं ठरवायचं?

आकडेमोड एकदाच करावी लागते. १० गुणिले वजन किलोत, अधिक ६.२५ गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, वजा ५ गुणिले वय. बाईसाठी त्यातून १६१ वजा करा, पुरुषासाठी ५ मिळवा. हे झालं नुसतं पडून राहायला लागणारं इंधन. बैठं काम असेल तर त्याला १.४ ने गुणा.

उदाहरण घ्या. ३५ वर्षांची, १५५ सेंटीमीटर उंचीची, ७० किलोची बाई. उत्तर येतं १३३३, गुणिले १.४ म्हणजे सुमारे १८६५. यातून ४०० कमी करून १४५० च्या आसपास ठेवा. ४० वर्षांचा, १७० सेंटीमीटरचा, ८५ किलोचा पुरुष: १७१७, गुणिले १.४ म्हणजे २४००. त्यातून ५०० काढून १९००.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ५०० ची तूट म्हणजे आठवड्याला जवळपास अर्धा किलो. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का हा वेग चांगला. महिनोन् महिने त्याहून वेगाने उतरवलं तर स्नायू झिजतात, केस गळतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. बायकांनी १२०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये.

रविवारी सावजी ठरलेलंच असतं. मग आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते का?

हिशेब दिवसाचा नसून आठवड्याचा ठेवला तर जात नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईचे आठवड्याचे १०,१५० होतात. सोमवार ते शुक्रवार १३०० ने चालली, शनिवारी १४५० ठेवले, तर रविवारला २२०० उरतात. २२०० मध्ये सावजीचं जेवण आरामात बसतं, वर सकाळची हाफ प्लेट पोहेसुद्धा.

करू नये ते एकच: रविवारी सकाळपासून कडकडीत उपाशी राहून दुपारी दोनला टेबलवर बसणं. उपाशी माणूस रस्सा यायच्या आधीच दोन भाकरी कोरड्या कांद्यासोबत संपवतो. दहा-अकराच्या सुमारास दोन अंडी किंवा वाटीभर मोड आलेली मटकी खाऊन निघा.

आणि सावजी मटणात नेमकं काय टाळायचं?

मटण टाळायचं नाही. हाडासकट १५० ग्रॅम मटणात सुमारे १०० ग्रॅम मांस मिळतं. चरबी किती त्यावर १५० ते २०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन. जास्त पडतं ते तेल. कोष्टी समाजाच्या या स्वयंपाकात परंपरेने जवसाचं तेल वापरत. जवसाचं असो, फल्लीचं (शेंगदाण्याचं) असो की सोयाबीनचं, एका ग्रॅमला ९ कॅलरी हा भाव सगळ्यांचा एकच. वाटीत तीन मोठे चमचे तेल तरंगत असेल तर ३६० कॅलरी झाल्या, म्हणजे मटणाच्या जवळपास दुप्पट.

वाटी समोर आली की पाच मिनिटं हात लावू नका. कांदा-लिंबू खा. तेल वर येऊन स्थिर झालं की मोठ्या चमच्याची कड तवंगाला टेकवून तिरपी धरा. तेल चमच्यात आपोआप ओघळतं, ते रिकाम्या वाटीत काढा. दोन चमचे निघाले तरी २४० वाचले. तिखटाचा दणका फारसा कमी होत नाही, कारण वाटलेला मसाला खाली रस्स्यातच असतो. घरी आणलेलं मटण फ्रीजमध्ये ठेवून वरचा थर काढू म्हणाल तर अर्धंच साधतं. बोकडाची चरबी थिजते, जवसाचं तेल थिजत नाही, त्यामुळे ते चमच्यानेच काढावं लागतं.

दुसरा खर्च रस्सा परत मागवण्याचा. रस्सा परत आला की त्याच्यासाठी भाकरी येते, मग तिखट लागलं म्हणून भात येतो. एक वाटी रस्सा, दीड भाकरी, भात नको, असं आधीच ठरवून बसा. मिरीने चरबी जळते वगैरे ऐकलं असेल तर विसरा. तिखट जास्त झालं की माणूस भात जास्त खातो, एवढाच परिणाम ताटात दिसतो.

सोबत पेग असेल तर तोही मोजा: ६० मिली व्हिस्कीच्या १४० कॅलरी, स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीच्या ३०० च्या आसपास. खरं नुकसान चकण्यात असतं. १०० ग्रॅम शेव-चिवडा साडेपाचशे.

घरात तेल जास्त होतंय हे कळणार कसं? भाजी तर साधीच असते.

महिन्याचा डबा मोजा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० कॅलरीच्या आहाराला रोज सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. महिन्याला ८१० ग्रॅम, म्हणजे माणशी ९०० मिलीच्या जरा खाली. चौघांच्या घरात साडेतीन लिटर. आता किराण्याची यादी काढा. सहा लिटर जात असेल तर माणशी रोज ४५ ग्रॅम झालं, म्हणजे १८ ग्रॅम जास्त. १८ गुणिले ९ म्हणजे १६० कॅलरी रोज, आणि कोणी काही वेगळं खाल्लेलंही नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. तेलाची बुधली ओट्यावरून उचला आणि बरणीत चहाचा चमचा ठेवा. पाव किलो भाजीला तीन चमचे ही मर्यादा. वांगी, भेंडी, कारली तेल शोषतात, म्हणून आधी मीठ लावून झाकणावर पाणी ठेवून वाफ आणा आणि फोडणी शेवटी वरून द्या. वरून दिलेली एक चमचा फोडणी जिभेला आधी लागते, आत मुरलेली चार चमचे लागतही नाही. गोळाभाताचंही हेच. बेसनाचे गोळे भातावरच वाफवलेले असतात, त्यामुळे तो तळलेल्या वड्यांच्या वडाभातापेक्षा हलका. मात्र हिंग-मोहरीचं कढत तेल पळीने ओतलं की फरक मिटला. मोठा एक चमचा घ्या, त्याहून जास्त नको.

सांबारवडी भाजून किंवा एअर फ्रायरमध्ये केली तर?

होते. पारी पातळ लाटा, सांबार (म्हणजे कोथिंबीर) धुऊन अगदी कोरडा करा (ओला राहिला तर वडी उकलते), कडा पाण्याने चिकटवा, १२-१५ मिनिटं वाफवा, पूर्ण गार होऊ द्या, मग तव्यावर चमचाभर तेलात चारी बाजूंनी शेका. गरम असताना शेकायला घेतली की पारी तडकते. पण खरं सांगायचं तर ती वेगळीच वडी होते. तळलेलीची खुसखुस तिला येत नाही. तीन नकली वड्या खाऊन मन भरत नसेल तर महिन्यातून दोनदा एक अस्सल तळलेली, कढीसोबत, बसून खा. मोजदादीत तोच सौदा स्वस्त पडतो.

भात सोडून भाकरीवर आलो, तरी वजन जसंच्या तसं. का?

ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ, दोन्हींत १०० ग्रॅमला साधारण ३४० ते ३५० कॅलरी. फुलक्याला २५-२८ ग्रॅम कणीक लागते, भाकरीला ६० ते ६५ ग्रॅम पीठ. दोन भाकऱ्या म्हणजे जवळपास पाच फुलके. भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं हे खरं, म्हणून एकीवर थांबता आलं तर ती फायद्याची. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला १३० कॅलरी. सपाट भरलेली एक वाटी १५०. वरणासोबत एक वाटी भात रोज खाऊनही वजन उतरतं. वाटीवर डोंगर रचला की गणित बदलतं, एवढंच.

प्रोटीन किती? आम्ही शाकाहारी आहोत.

सामान्य माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरेसं धरलं आहे. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर १.२ च्या आसपास जावं. ७० किलोला ८४ ग्रॅम. वरण-भात-पोळी-भाजीच्या नेहमीच्या ताटात दिवसाला ४०-४५ निघतात, उरलेले मुद्दाम आणावे लागतात. कोरडे सोयाबीन वड्या ३० ग्रॅम: १०० कॅलरीत १५ ग्रॅम. ३० ग्रॅम डाळ: १०० कॅलरीत ७. पनीर ५० ग्रॅम: १४० कॅलरीत ९. दही २०० ग्रॅम: १२० कॅलरीत ६-७. फल्लीदाण्यांना प्रोटीन म्हणून मोजू नका. ३० ग्रॅममध्ये ७ ग्रॅम मिळतं खरं, पण १७० कॅलरी मोजून.

वरण पाणीदार करण्याची सवय सोडा. माणशी ४० ग्रॅम डाळ मोजून लावली तर जेवणाला १० ग्रॅमची खात्री झाली. पाटोडी रस्सा हा तर शाकाहाऱ्यांचा मित्र आहे: बेसन शिजवून थापलेली पाटोडी, तळायचीच नसते. वरचा तवंग काढण्याची युक्ती इथेही चालते.

दीक्षित की दिवेकर?

नागपूरकरांना यातला पहिला मार्ग जवळचा वाटतो, कारण डॉ. जगन्नाथ दीक्षित ज्यांचं श्रेय मानतात ते डॉ. श्रीकांत जिचकार इथलेच. दिवसात दोनच वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवण आटोपायचं आणि मध्ये काही नाही, अशी ती पद्धत. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर, घरचं आणि हंगामी खायला सांगतात, तूप-भाताला हरकत घेत नाहीत.

दोन्हींनी लोकांचं वजन उतरतं आणि दोन्हींनी वाढतंही. दोन वेळांच्या पद्धतीत मधला चहा-बिस्किट, चिवडा, आलूबोंडा आपोआप कटतो, म्हणून तूट पडते. पण "वेळेत हवं ते खा" याचा अर्थ एका बैठकीत चार पोळ्या, भात, श्रीखंड असा लावला की तूट भरून निघते. थोडं थोडं खाण्यात "थोडं" हा शब्द हरवला की तसंच. बाहेर फिरतीचं काम असेल, मधल्या वेळी खायची सवयच जास्त असेल तर दोन वेळा सोप्या जातात. पित्ताचा त्रास होतो, भूक साचली की हात सुटतो, अशांनी तीन वेळा खावं. साखर कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा स्वतःहून तोडू नयेत, साखर एकदम खाली जाऊ शकते.

पंधरा दिवस नुसतं सूप-सॅलड घेऊन एकदाच उतरवून टाकलं तर?

उतरेल, आणि परत येईल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. त्यासोबत चिडचिड, थंडी वाजणं, उदासी आली आणि डोक्यात दिवसरात्र अन्नाचेच विचार. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. खायची मोकळीक मिळाल्यावर पोट भरलं तरी हात थांबेना. सॅलडच्या नवव्या दिवशी तुम्हाला समोसा स्वप्नात दिसत असेल तर त्यात तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही.

रोज अंबाझरी तलावावर चालतो, तरी काटा हलत नाही.

७० किलोच्या माणसाचे एक किलोमीटर चालण्यात सुमारे ५० कॅलरी जातात. चार किलोमीटरचे २००. फेरी संपल्यावर खाल्लेला एक आलूबोंडा २०० च्या घरात. दोन्ही खात्यांत बरोबरी. चालणं बंद करा असं मुळीच नाही. साखर, रक्तदाब, झोप सगळ्याला ते चांगलं, आणि जेवणानंतरची १५ मिनिटं तर फारच. फक्त त्याच्या बदल्यात खायचं बक्षीस घेऊ नका. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं असं जोराचं काहीतरी जोडा, नाहीतर चरबीसोबत स्नायूही जातात.

एप्रिल ते जूनमध्ये सकाळी साडेसहाच्या आत बाहेर पडून सातपर्यंत परता. पारा पंचेचाळीसला टेकलेल्या शहरात संध्याकाळी सहालाही रस्ता भाजतच असतो.

बाहेर जेवलो की दुसऱ्या दिवशी सव्वा किलो वाढलेलं दिसतं. एवढं?

चरबी एवढी वाढायला सुमारे ९,६०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील. ते पाणी आहे. खारट जेवणाने शरीर पाणी धरून ठेवतं. भात-पोळीतली साखर स्नायूत साठते तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी घेऊन बसते. शिवाय कालचं अन्न आतड्यात असतंच. दोन-तीन दिवसांत उतरतं. म्हणून रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता-पिता वजन करा, पण बघा ते सात दिवसांच्या सरासरीकडे. बायकांनी या महिन्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी. पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी वाढणं नेहमीचं आहे.

संत्री चालतात का? आणि संत्रा बर्फी?

संत्री भरपूर चालतात. १०० ग्रॅम गराला ४५-४७ कॅलरी. आंबिया बहराची ऑक्टोबर-डिसेंबरात, मृगाची फेब्रुवारीनंतर, म्हणजे अर्धं वर्ष स्वस्त फळ दारात आहे. दोन संत्री सोलून खायला दहा मिनिटं जातात आणि चोथा पोटात जातो. रस काढला की ग्लासात चार संत्री बसतात, चोथा गाळणीत राहतो आणि दोन मिनिटांत संपतो. बर्फीचा २५-३० ग्रॅमचा तुकडा १०० ते १२०. डबा घरात फोडला की तुकडे मोजले जात नाहीत, तेव्हा पाहुण्यांसोबत एक घ्या आणि डबा त्यांच्याच हाती द्या.

उसाचा रस, पन्हं, रसना यांना "उन्हाळ्याचं पाणी" समजू नका, त्यात साखर आहे. तहानेला ताक किंवा मीठ-लिंबू.

चहा?

घरचा मोठा कप, म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर, सुमारे १००. टपरीचा छोटा ५०. दिवसात पाच वेळा होत असेल तर आधी तिथेच बघा. साखर एकदम बंद करू नका, दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ हळूहळू सरावते.

महालक्ष्म्या, पोळा, लग्नसराई यात काय करायचं?

महालक्ष्म्यांच्या जेवणाला नाही म्हणायचं नसतं, आणि म्हणूही नका. त्या ताटात आंबील, कढी, सोळा भाज्या हे सगळं हलकं आहे. भार पुरणपोळी, वडे आणि तुपाचा. आपल्याकडची पुरणाने गच्च भरलेली पोळी सहज ३००-३५०, वरून तूप मोठा चमचा १२०. तूप वाटीत घ्या, पोळीवर ओतू देऊ नका. एक पोळी, एक वडा, भाज्या हव्या तितक्या. आग्रह करणारी काकू ताट रिकामं दिसलं की येते, म्हणून शेवटचा घास ताटात ठेवूनच बोलत बसा.

पण खरा घोळ दुसऱ्या दिवशीच्या उरलेल्या पुरणाचा आहे. सण एक दिवसाचा, पुरण चार दिवसांचं. त्याच रात्री वाटून टाका.

हिवाळ्यात शेतावरच्या पार्टीत एक रोडगा म्हणजे तीन फुलक्यांची कणीक, आणि तो तुपात बुडवून येतो. वांग्याची भाजी भरपूर, रोडगा एक.

उपवासाने फायदा होतो का?

साबुदाण्याने नाही. ७० ग्रॅम कोरडा साबुदाणा २४५, फल्लीचा कूट २५ ग्रॅम १४०, तूप दीड चमचा ६०, आलू वेगळा. साडेचारशेपुढे गेलं, प्रोटीन नाममात्र. भगर, दही, काकडीची कोशिंबीर हा त्यापेक्षा शहाणा उपवास.

माझं वजन खरंच जास्त आहे का?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या पोटावर चरबी लवकर साठते. त्याहून सोपी टेप: कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. टेप बेंबीजवळ, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता.

चार किलो उतरले आणि मग महिनाभर काटा थांबला.

आधी मोजमाप तपासा. दुसऱ्या महिन्यात चमचा डोळ्याने मोजला जातो, भाजी चाखताना दोन घास जातात, पोरांच्या ताटातलं उरलेलं "वाया जाईल" म्हणून पोटात जातं. सात दिवस सगळं पुन्हा वजनकाट्यावर मोजून लिहा. पाचशे रुपयांच्या आसपास स्वयंपाकघराचा काटा मिळतो. त्यातूनही तूट दिसत असेल तर नव्या वजनाने सूत्र पुन्हा मांडा. हलक्या शरीराला कमी लागतं. १०० कॅलरी कमी करा किंवा दोन किलोमीटर वाढवा. नीट खाऊनही चढत असेल, थकवा, बद्धकोष्ठता, पाळी अनियमित असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दल काय मत आहे?

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड या औषधांनी भूक खरोखर कमी होते आणि वजन लक्षणीय उतरतं. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची, मळमळ-उलटी-बद्धकोष्ठता होऊ शकते, आणि बंद केली की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं. भूक मेल्यावर माणूस चहा-पोळीवर दिवस काढतो, म्हणून त्या काळात प्रोटीन मोजणं उलट जास्त गरजेचं.

हवं तेवढं उतरलं. आता नेहमीसारखं खायचं?

एकदम नाही. दर दोन आठवड्यांनी दिवसाला १०० ते १५० कॅलरी वाढवा, सरासरी वजन बघत. पहिल्या आठवड्यात अर्धा-एक किलो वाढेल, ते पाणी, घाबरून परत उपाशी राहू नका. वाढवताना आधी दुपारची एक पोळी किंवा वाटीभर भात परत आणा, तेलाचा चमचा सर्वात शेवटी. सरासरी दीड किलोने वर सरकली की दोन आठवडे मागच्या मापावर या. तर्री पोह्यांची हाफ प्लेट आहे तशीच चालू ठेवा.